दाखवायचा चाकू

मित्रांनो, मी एक जुना चाकू आहे. जुना म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे गंजलेले, बोथट, अडगळीत पडलेले काहीतरी आले असेल. तसे काही नाही. माझी धार शाबूत आहे, पात्यावर डाग नाही, आणि आयुष्यातली बरीच वर्षे मला दर आठवड्याला तेल लावून मऊ फडक्याने पुसले गेले आहे. आपली कहाणी सांगायला बसलेल्या वस्तू बहुधा हेळसांडीचे रडगाणे गातात. माझे रडगाणे उलटे आहे. माझी फार काळजी घेतली गेली, आणि ती कशासाठी घेतली गेली हे सांगायलाच आज मी तोंड उघडले आहे.

मी भाजी चिरायचा चाकू नव्हे आणि दुमडून खिशात घालायचाही नव्हे. माझे पाते मुठीत कायमचे बसवलेले होते. पुरात, आगीत, डोंगरकड्यांवर काम करणारी माणसे असले चाकू कमरेला लावतात. अडकलेला दोर, गाडीतला पट्टा, जाळे, जे काही माणसाच्या जिवावर उठले असेल ते कापायचे आणि माणूस मोकळा करायचा, एवढेच आमचे काम. निदान आमचा जन्म त्यासाठी होतो.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. पोलादाच्या जाड पट्टीतून मला कापले, तेव्हा पात्याच्या मागे एक लांब शेपूट ठेवले होते. हे शेपूट मुठीच्या आतून थेट टोकापर्यंत जाते. भट्टीवरचा कारागीर स्वभावाने तिरसट होता, पण शेपटाला कोणी हात आखडता घेऊन पोलाद दिले तर तो भांडायला उठायचा. "पातं सगळे बघतात, हे बघतंय कोण? म्हणून काय चोरी करायची?" असे तो म्हणायचा. त्याने मला लाल होईपर्यंत तापवले, पाणी दिले, घासले, धार लावली. मग माझ्या शेपटावर कडक काळे रबर चढवले आणि माझा सगळ्यात चांगला भाग कायमचा झाकला गेला. तेव्हा मला त्याचे काहीच वाटले नाही. मूठ हातात छान बसते म्हणून मी खूशच होतो.

तिथून मी दुकानात आलो. दुकान अरुंद होते. दोर, शिरस्त्राणे, विजेऱ्या, गमबूट यांनी छतापर्यंत भरलेले. गल्ल्याशेजारी काचेचे कपाट आणि त्यात वर लावलेला पांढरा दिवा. दुकानदाराने खोक्यातून पहिला म्हणून मलाच काढले, माझ्या मुठीला एक तांबडा दोरा बांधला आणि मला कपाटात ठेवले. तांबडा दोरा म्हणजे नमुना. माझ्याबरोबरचे बाकीचे चाकू पेट्यांतच राहिले आणि एकेक करून माणसांच्या कमरेला जाऊन लागले. मी मात्र नमुना झालो.

कपाटात माझ्या दोन्ही बाजूंना आणखी दोन नमुने होते. एक काळा, सगळ्या अंगावर काळा मुलामा चढवलेला आणि पाठीवर करवतीसारखे दात असलेला. दुसरा लांबडा, माझ्याहून वीतभर नसला तरी बराच लांब, आणि त्याचा त्याला भलता ताठा. लांबून पाहिले तर आम्ही तिघे सख्खे भाऊ वाटायचो. गिऱ्हाईक आले की दुकानदार आम्हा तिघांना निळ्या फडक्यावर शेजारी शेजारी मांडायचा, आणि मग सुरू व्हायची आमची तुलना.

काय काय पाहिले मी! कोणी अंगठ्याने धार चाचपायचा आणि रक्त आले की दुकानदाराकडे रागाने बघायचा. कोणी हातावरचे केस भादरून बघायचा. कोणी मला कमरेला लावून आरशासमोर छाती काढून उभा राहायचा. कोणी मोबाइलवर परक्या माणसांची मते वाचत राहायचा आणि समोर ठेवलेल्या माझ्याकडे ढुंकूनही बघायचा नाही. एका गृहस्थाला तर चाकू घ्यायचाच नव्हता. त्याला चाकूंवर बोलायचे होते, आणि तो दर रविवारी येऊन बोलून जायचा.

पण या सगळ्यांची एक खोड अगदी सारखी होती. तासभर मला हाताळायचे, तोलायचे, म्यानातून काढायचे, घालायचे, मनोमन पसंत करायचे, आणि शेवटी म्हणायचे, "हाच. पण हा नको हं, पेटीतला द्या." म्हणजे दहा जणांचे हात लागलेला नको, कोरा करकरीत हवा. पसंत मला करायचे आणि घरी दुसऱ्यालाच न्यायचे. पहिल्यांदा मी खट्टू झालो. पुढे मी मनाची समजूत घातली, की पेटीतले तरी माझेच भाऊ, त्याच भट्टीतले. माझ्यामुळे त्यांना घर मिळते, तर काय बिघडले?

मग एके दिवशी एक फिरता विक्रेता नवीन मालाचा खोका घेऊन आला. त्यातला एक चाकू त्याने माझ्याशेजारी ठेवला. तेच पाते, तीच मूठ, तोच रबराचा वास. दुकानदाराने आम्हा दोघांना दोन हातांत घेतले, डोळे मिटले, हात बदलले.

"वजनालाही सारखाच आहे की," तो म्हणाला.

"सारखा केलाय," विक्रेता हसला. "शेपूट अर्ध्याच्याही आत तोडलंय. पुढे शिशाचा गोळा घातलाय, म्हणजे हाताला कळत नाही. पोलाद वाचतं, मजुरी वाचते. बाहेरून बघून कोणाच्या बापाला ओळखू येणार नाही."

"जोर लावला तर?"

"कोण लावतंय जोर, शेठ? निम्मे लोक घेऊन भिंतीला टांगतात."

दुकानदाराने थोडा विचार केला. फार नाही, पाण्याचा घोट गिळायला लागेल तेवढाच. मग त्याने नवीन चाकू पेटीत घालून फळीवर रचले, आणि मला परत कपाटात ठेवले. त्या संध्याकाळी त्याने मला जरा जास्तच तेल लावले. मित्रांनो, त्या दिवसापासून मी नमुना राहिलो नाही. गळाला लावलेला किडा आणि मी यांत काही फरक उरला नाही.

आता त्या माणसाची गोष्ट सांगतो, ज्याच्यामुळे मी आज इथे आहे.

तो निवृत्त बस कंडक्टर होता. खांद्याला अजूनही ती कातडी पिशवी, केस पांढरे, चालणे सावकाश. आयुष्यात त्याने एकही वस्तू पहिल्या दुकानात घेतली नव्हती. कलिंगड घ्यायचे तरी गाडीवरच्या प्रत्येक कलिंगडाला टिचकी मारणार. पंखा घ्यायला निघाला आणि उन्हाळा संपला, असे त्याची बायको सांगायची म्हणे. दुकानदाराने दुसऱ्याच भेटीत त्याचे नाव टिचकीकाका ठेवले.

त्याची मुलगी नदीच्या बचाव पथकात लागली होती. लहानपणापासून पाण्यातून बाहेर निघायचे नाव नाही, म्हणून घरात तिला मासोळी म्हणायचे, आणि पथकातही तेच नाव रूढ झाले होते. पथकाकडून मिळालेला दुमडता चाकू गाळाने अडकायचा, उघडायचाच नाही. म्हणून तिला स्वतःचा पक्का चाकू हवा होता. "बाबा, वस्तू निवडावी तर तुम्हीच," असे तिने म्हटले, आणि टिचकीकाकांना जणू मानपत्र मिळाले.

ते आले ते एका प्लास्टिकच्या पिशवीत मुलीचा ओला हातमोजा घेऊन. तो त्यांनी दुकानातच हातात चढवला, पाणी टपटप गालिच्यावर. दुकानदाराने कपाळाला हात लावला. ओल्या हातमोज्याने त्यांनी आम्हा तिघांना म्यानातून पुन्हा पुन्हा काढून पाहिले. मग खुर्चीवर बसून, होडीत बसल्यासारखे गुडघे पोटाशी घेऊन, पुन्हा काढून पाहिले. लांबडा मांडीला अडला. त्याचा ताठा तिथेच उतरला. मग खिशातून दोराचा तुकडा काढून टेबलाच्या पायाला बांधला. काळ्याच्या दातांत दोराचे धागे गुंतले आणि तो अडकून बसला. मी एका ओढीत दोर कापला.

"बारीक टोक नाही याला," टिचकीकाका माझ्याकडे बघत स्वतःशीच म्हणाले. "बरंय. दोर पायाशी अडकला तर पाय भोसकला जायचा नाही."

मित्रांनो, इतकी वर्षे माणसे मला बघत आली होती, पण माझे टोक असे का आहे हे कोणाला सुचले नव्हते. ते पुन्हा आले, पुन्हा पुन्हा आले. दर वेळी तिघांना मांडायला लावायचे. अखेर त्यांनी मला दोन्ही हातांत धरले आणि म्हणाले, "हा." माझ्या अंगावर शहारा आला. वाटले, हा माणूस तरी मलाच नेईल. याने मला जितके पारखले तितके भट्टीवाल्यानेही पारखले नसेल.

दुकानदाराने विचारले, "मग बांधू?"

"अहो, हा नको," टिचकीकाका ओशाळे हसले. "पोरीला पहिल्यांदा काहीतरी देतोय. जगाचे हात लागलेला कसा देऊ? पेटीतला द्या. कोरा."

"घ्या ना, काका. सेम टू सेम. एका आईची लेकरं."

पेटी आली. टिचकीकाकांनी झाकण उघडून पाते चकाकते आहे एवढे पाहिले, आणि पेटी कातडी पिशवीत घातली. जन्मभर प्रत्येक कलिंगडाला टिचकी मारणाऱ्या माणसाने टिचकी न मारलेले एकच फळ घरी नेले. मी काचेआडून ओरडत होतो. पण पोलादाला आवाज फुटतो तो आपटल्यावरच, आणि मला आपटणारे कोणी नव्हते.

पाऊसकाळ मधोमध आला तेव्हा ते परत आले. या वेळी चालणे सावकाश नव्हते. सोबत पथकप्रमुख होता, इस्त्रीचा गणवेश आणि कपाळावर आठ्या घातलेला. टिचकीकाकांनी गल्ल्यावर एक मूठ ठेवली. नुसती मूठ. पाते नव्हते.

काय झाले ते मला त्यांच्या बोलण्यातून कळले. पुरात एका छपरावर अडकलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांना मासोळी आणि तिचा जोडीदार नावाडी यांनी होडीत घेतले होते. परतताना पाण्यातल्या मोडक्या खांबात होडीचा दोर अडकला, त्याचा वेढा नावाड्याच्या पायाला बसला आणि तो पाण्यात ओढला गेला. होडी कलली. मासोळीने चाकू काढला, दोराखाली पाते घातले आणि वर ओढले. मूठ तिच्या हातात आली, पाते दोरातच राहिले. तिने ते उघडे पाते तळहातात आवळून दोर कापला. नावाडी वाचला. पण तेवढ्यात होडी उलटली आणि म्हातारे गृहस्थ वाहून गेले. पाते नदीत गेले. मासोळीच्या तळहाताच्या शिरा तुटल्या आणि उजव्या हाताची बोटे मिटायची थांबली.

पथकात चौकशी लागली होती. सरळ हाताने दोर कापला असता तर चाकू मोडलाच नसता, असे म्हणणारे निघाले. तिने चाकूची पहार केली, खांबात घालून उचकटायला गेली, त्यात वेळ गेला आणि माणूस गेला, असे. टिचकीकाकांचे म्हणणे एकच होते, की चाकू खोटा होता.

"खोटा?" दुकानदार दुखावल्यासारखा म्हणाला. "सर, तुम्ही स्वतः बघा."

आणि त्याने कपाटातून मला काढले.

टेबलाला एक लोखंडी पकड बसवलेली होती. तिच्यात त्याने माझे पाते आवळले आणि मुठीवर सगळा भार टाकून लोंबकळला. मग पथकप्रमुखाला म्हणाला, "या सर, तुम्ही पण या." तो चांगला धिप्पाड माणूस होता. तोही लोंबकळला.

मित्रांनो, मोडू नये यासाठी प्रत्येक चाकू धडपडतो. त्या दिवशी मला मोडायचे होते. मी मोडलो असतो तर एका मुलीवरचा ठपका तिथेच गळून पडला असता. मी जिवाच्या आकांताने वाकायचा प्रयत्न केला. पण भट्टीवरच्या त्या तिरसट माणसाने काम इतके चोख केले होते, की मी केसभरही हललो नाही.

"झालं समाधान?" दुकानदाराने विचारले.

पथकप्रमुखाने हात झटकले. "वस्तू उत्तम आहे. काका, मुलीची माया मी समजू शकतो. पण सत्य ते सत्य."

टिचकीकाका माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांत माझ्याबद्दल राग नव्हता, आणि तेच मला सहन झाले नाही. त्यांना वाटले, आपली पोरगी चुकली. निवडलेली वस्तू तर बरोबरच होती.

चौकशीत मासोळीवर हलगर्जीपणाचा शेरा बसला आणि तिला पाण्यावरून काढून कार्यालयात फोन उचलायला बसवले.

तिला मी पहिल्यांदा पाहिले ते त्यानंतर काही दिवसांनी. ती वडिलांना घेऊन स्वतः दुकानात आली. उजवा हात गळ्यातल्या पट्टीत होता. तिने डाव्या हाताने मला उचलले, तोलले, आणि वडिलांकडे वळली.

"बाबा, तुम्ही हाच चाकू आणला होतात?"

"असाच," टिचकीकाका म्हणाले.

"असाच की हाच?"

टिचकीकाकांचा चेहरा कसा बदलत गेला ते मी पाहिले. आधी नुसता गोंधळ, मग आठवण, मग भीती. "हाच बघितला होता गं," ते हळूच म्हणाले. "घरी आणला तो पेटीतला."

"मग आम्हाला पेटीतला एक दाखवा," ती दुकानदाराला म्हणाली.

"पेटीतले संपले, ताई," तो म्हणाला. "तुमच्याच सरांनी उचलले, पथकासाठी. त्या दिवशी इथे लोंबकळून पाहिलं ना, फार आवडला त्यांना."

मासोळीच्या तोंडचे पाणी पळाले. "सगळ्यांना तेच दिलेत?"

"उत्तम वस्तू आहे. तुमच्याच सरांचं म्हणणं."

"मग हा द्या. हा विकत द्या आम्हाला."

"नमुना विकाऊ नसतो," दुकानदार म्हणाला आणि त्याने मला तिच्या हातातून काढून घेतले. त्या दिवशी त्याने कपाटाला पहिल्यांदा कुलूप घातले.

कुलूप फार दिवस टिकले नाही. गिऱ्हाइकाला दर वेळी किल्ली शोधून दाखवायचा त्याला कंटाळा आला. एका दुपारी टिचकीकाका एकटेच आले. "एकदा शेवटचं बघू द्या," म्हणाले. दुकानदाराने कुत्सित हसून मला त्यांच्यापुढे टाकले आणि तो दुसऱ्या गिऱ्हाइकाला गमबूट दाखवायला मागे गेला. टिचकीकाकांनी या वेळी ना मला तोलले, ना धार पाहिली, ना इकडेतिकडे पाहिले. सरळ कातडी पिशवी उघडली, मला आत टाकले आणि ते दुकानातून चालू लागले. आयुष्यभर विनातिकीट माणसांना खाली उतरवत आलेला तो माणूस. पिशवीत मी त्यांच्या कुशीला टेकून होतो, आणि त्यांचे काळीज इतके धडधडत होते की मला वाटले रस्त्यावर सगळ्यांना ऐकू जाईल.

घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यांनी वर्तमानपत्र अंथरले आणि लोखंड कापायची करवत काढली. मासोळीने दार लावून घेतले. आधी त्यांनी ती तुटकी मूठ उभी चिरली. आत अंगठ्याएवढा पोलादाचा खुंट होता. त्याचे वरचे टोक तडकलेले, खालचे करवतीने कापल्यासारखे सपाट. त्याच्या खाली शिशाचा करडा गोळा होता.

मग त्यांनी मला हातात घेतले. क्षणभर थांबले. "इतका चांगला चाकू रे," ते पुटपुटले.

"कापा, बाबा," मासोळी म्हणाली.

माझी मूठ चिरली गेली, रबराच्या चिंध्या झाल्या, आणि माझे शेपूट इतक्या वर्षांनी उजेडात आले. अखंड, जाड, टोकापर्यंत. आम्हा दोघांना त्यांनी शेजारी शेजारी ठेवले. तुलना म्हणजे काय हे त्या टेबलावर पहिल्यांदा कळले. टिचकीकाका खाली बसले आणि तोंडावर हात घेऊन रडू लागले. "मीच आणला गं. मी बघून बघून आणला." मासोळीने आपला न मिटणारा हात त्यांच्या पाठीवर ठेवला.

दुसऱ्याच दिवशी दोघे आम्हाला घेऊन पथकप्रमुखाकडे गेले. त्याने पाहिले. नीट पाहिले, हे मी शपथेवर सांगतो. त्याचा चेहरा उतरला, मग सावरला.

"हा नमुना तुमच्याकडे आला कसा?"

टिचकीकाकांना खोटे बोलता येत नव्हते. "उचलून आणला," ते म्हणाले.

"चोरला म्हणा. म्हणजे आता मी चोरीच्या मालावरून चौकशी फिरवू? उद्या दुकानदार म्हणेल, घरी बसून तुम्हीच शिसं घातलंत. काय उत्तर देऊ मी?"

"सर, उत्तर राहू द्या," मासोळी म्हणाली. "माझंही राहू द्या. पण सगळ्यांच्या कमरेला तेच चाकू आहेत. आज एक उघडून बघा."

"नवीन सामान फोडायला माझ्याकडे परवानगी नाही," तो म्हणाला आणि फोन वाजला नसतानाही त्याने फोन उचलला.

त्या आठवड्यात मासोळी पथकातल्या प्रत्येकाकडे गेली. कोणी म्हणाले बघू, कोणी म्हणाले तुझं दुःख कळतं गं, एक जण म्हणाला आता बास कर. शेवटी नावाडी आला, लंगडत. चौकशीत तो 'मी पाण्याखाली होतो, मला काही दिसलं नाही' एवढेच बोलला होता, आणि त्यानंतर तिच्या नजरेला नजर देत नव्हता. त्याने आपला नवा चाकू टेबलावर ठेवला. "उघडा," म्हणाला. टिचकीकाकांनी करवत चालवली. शिसे निघाले. नावाड्याने तो गोळा बराच वेळ तळहातावर धरून ठेवला. "ताई, मी सांगतो सरांना," तो म्हणाला, आणि या वेळी त्याने खरेच सांगितले. सगळ्यांसमोर, मोठ्याने, शिसे टेबलावर आपटून.

मग काय झाले, ऐका. पुढच्याच सोमवारी पथकातले सगळे चाकू 'धार लावण्यासाठी' गोळा केले गेले. परत आले ते दुसरेच, दुसऱ्या दुकानातले, पक्के. जुने मुकाट्याने दुकानदाराकडे परत गेले आणि तो ते अजून विकतो आहे. कपाटात आता दुसरा नमुना आहे, मुठीला तांबडा दोरा बांधलेला. कोणी कोणाला काही बोलले नाही. प्रत्येकाच्या कमरेला आता चांगला चाकू आहे, आणि तो तिच्यामुळे आहे, हेही प्रत्येकाला ठाऊक आहे. फक्त तिचा शेरा तसाच राहिला. तो पुसायचा तर चाकू का बदलले ते सांगावे लागले असते.

हल्ली मी टिचकीकाकांच्या घरी असतो, मुठीविना, टेबलाच्या खणात. मासोळी कार्यालयात डाव्या हाताने फोन उचलते. पुराची बातमी आली की पथकाला तीच कळवते आणि ते निघून गेले की खिडकीशी उभी राहते. वाहून गेलेल्या गृहस्थांची सून एकदा बाजारात समोर आली, तेव्हा तिने मासोळीकडे पाहून तोंड फिरवले. ती घरी येऊन आईला हे सांगत होती, तेव्हा मी खणातून ऐकले. टिचकीकाकांनी वस्तू घेणेच सोडले आहे. भाजीसुद्धा आता बायको आणते.

मित्रांनो, अशा कहाणीच्या शेवटी वस्तू म्हणतात, आम्हाला जपा. मी तसे म्हणणार नाही. मला भरपूर जपले गेले आणि त्याचे काय झाले ते तुम्ही ऐकलेत. तुम्ही माणसांना जपा. वस्तू मोडली की आधी वस्तू उघडून बघा, मग माणसाकडे बोट दाखवा. आणि बोट चुकीच्या माणसाकडे गेले होते असे कळले, तर गुपचूप चाकू बदलून गप्प बसू नका. त्याच्या घरी जा आणि सांगा, की आमचे चुकले. एवढे एकच वाक्य आहे ते. हे घर रस्त्यालगतच आहे, पथकाची गाडी रोज दारावरून जाते, आणि अजून एकदाही थांबलेली नाही.